माडाखालच्या मसाल्याला खत कसं द्यावं

पहिल्या वर्षी मी मिरीच्या वेलांना आंब्यासारखं खत दिलं. आंब्याला आमच्याकडे फांद्यांच्या घेराखाली गोल चर खणतात, त्यात शेणखत भरतात आणि वर माती लोटतात. तेच डोक्यात होतं. अकरा वेलांभोवती कुदळीने वीतभर खोल चर काढले, घमेलंभर खत ओतलं, बुजवले. जुलैत चर तुंबले. ऑगस्ट संपेपर्यंत सात वेल गेले. आधी पानं मलूल झाली, मग काळपट पडली आणि शेवटी वेल सांध्यासांध्यातून सुटून खाली आले.

मामंजींनी त्यातला एक वेल उपटून माझ्या हातात दिला. कुदळीने तोडलेली मुळांची टोकं काळी पडून बुळबुळीत झाली होती. मूळ म्हणून जे काही होतं ते सगळं वरच्या वीतभर मातीत. मामंजी एवढंच म्हणाले, “हा वरवर जेवणारा आहे. ह्याचं पान खाली खड्ड्यात कशाला वाढलंस?”

नारळ-पोफळीच्या आगरात मसाला लावायला निघालेल्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा हेच सांगते. मिरी, जायफळ, दालचिनी, हळद, आलं यांची खाणारी मुळं मातीच्या वरच्या थरात असतात. त्यांना खत वरून द्यायचं, लगेच झाकायचं, आणि खणायचं नाही. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

आमचं आगर गुहागर तालुक्यात समुद्राकडे आहे. वरच्या अंगाला जांभी माती, खालच्या अंगाला पुळणीची, म्हणजे वाळूची. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने माडाच्या बागेत मसाल्याची झाडं लावण्याची पद्धत ‘लाखी बाग’ या नावाने कोकणभर पोचवली. गोव्यात फोंडा-सत्तरीकडची कुळागरं तर पिढ्यान्‌पिढ्या अशीच आहेत, पोफळी, मिरी, जायफळ, केळी एकाच पाटाच्या पाण्यावर. तेव्हा लागवड कशी करावी हे सांगणारे पुष्कळ भेटतील. लागवडीनंतर काय घालायचं, किती आणि कुठे, ते मी सांगते.

आधी जागा कोणाची ते ठरवा

माड साडेसात मीटरवर लावलेले असतील तर एका माडाच्या वाट्याला ५६ चौरस मीटर जमीन येते. त्याची बहुतेक कामाची मुळं बुंध्यापासून पावणेदोन-दोन मीटरच्या आत असतात. म्हणजे तो खरा जेवतो दहा-बारा चौरस मीटरात. उरलेली जागा मसाल्याची.

एक काठी घ्या, १.८ मीटरची, आणि बुंध्याला टेकवून गोल फिरवत चुन्याने रेघ मारा. रेघेच्या आत माडाचं आळं. त्यात हळद नाही, आलं नाही, दालचिनी नाही. रेघेबाहेर, चार माडांच्या मधोमध, जायफळ. दोन माडांच्या मध्ये दालचिनी. मिरी मात्र माडावरच चढायची असते, म्हणून ती बुंध्यापासून मीटर-दीड मीटरवर, उत्तरेच्या अंगाला लावतात आणि वेल जमिनीवरून बुंध्यापर्यंत नेतात. उत्तरेलाच, कारण दक्षिणेकडून येणारं उन्हाळी ऊन कोवळ्या वेलाला भाजतं. पोफळीला अंतर कमी, साधारण पाऊण मीटर.

नवीन माणसाची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. मधल्या पिकाला खत घातलं की माडालाही मिळेलच, असं तो धरून चालतो. मिळत नाही. माड उपाशी राहिला की दोन वर्षांनी नारळ कमी होतात आणि दोष मसाल्यावर येतो. माडाला त्याचं वेगळं द्यायचं, आळ्यात, दर माडाला वर्षाला ५० किलो शेणखत. मसाल्याचा हिशोब त्याशिवाय, वेगळा.

माती दोन ठिकाणची तपासा

मार्च-एप्रिलमध्ये, खत घालण्याआधी, नमुने घ्या. एक नमुना आळ्यातल्या मातीचा, दुसरा मधल्या जागेचा. दोन्ही एकत्र केलेत तर आलेला आकडा कोणाच्याच उपयोगाचा नसतो, कारण आळ्यात वर्षानुवर्षं खत पडलेलं असतं आणि मधली जागा कोरडी ठाक. पाच-सहा ठिकाणी वीतभर खोल, इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करा, त्याच्या कडेची माती खरवडून घ्या, मिसळा, सावलीत वाळवा, अर्धा किलो पाठवा.

आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो नत्र (नायट्रोजन) आणि पालाश (पोटॅश) धुऊन नेतो. जांभी माती आम्ल असते, आणि तिच्यातलं लोह-ॲल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) धरून ठेवतं, पिकाला देत नाही. म्हणून अहवालात सामू (पीएच) साडेपाचच्या खाली आला तर एप्रिल-मेमध्ये, वळवाच्या सरीनंतर, चुना द्यायचा. मिरीच्या वेलाला अर्धा किलो, एक वर्षाआड. किनाऱ्यावर शिंपल्यांचा चुना मिळतो, तो चालतो. चुना आणि शेणखत मात्र एकाच दिवशी टाकू नका. चुन्याने शेणातला नत्र वायू होऊन उडून जातो, नाकाला झोंबतो तो तोच. दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवा. राखेचंही तसंच.

स्फुरदासाठी हाडांचा चुरा किंवा रॉक फॉस्फेट. रॉक फॉस्फेट साध्या मातीत दगडासारखं पडून राहतं, आम्ल मातीत मात्र हळूहळू विरघळतं. म्हणून आपल्याला ते लागू पडतं.

खत आगरातच पडलेलं आहे

माड महिन्याला साधारण एक झावळ टाकतो. वर्षाला बारा. एकरात सत्तर माड धरले तर साडेआठशेच्या आसपास झावळ्या. शिवाय पोय, सोडणं (नारळाची सोललेली सालं), पोफळीच्या विऱ्या, आंब्याच्या कलमांखालचा पातेरा, म्हणजे गळलेला पाला. हे सगळं बंबात घालायचं किंवा पेटवायचं आणि नंतर गोणीतलं खत विकत आणायचं, हे मला पटत नाही.

झावळ कुजायला चिवट असते. कासारगोडच्या केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेने तिचं गांडूळखत करण्याची रीत बसवली आहे. आम्ही तीच आमच्या सोयीने करतो. झावळीचा देठाकडचा जाड भाग कोयतीने तोडून बाजूला टाकायचा, तो सरपणाला. पात्यांचे हात-दीड हात तुकडे करायचे. सावलीत, उंचवट्यावर, दोन हात रुंद थर लावत जायचं आणि प्रत्येक थरावर शेणकाला शिंपडायचा. शंभर किलो झावळीला दहा किलो शेण पुरतं. दोन-तीन आठवडे ओलं ठेवून थर आतून तापून निवला, हात घातला तर गार लागला, की गांडुळं सोडायची. गरम ढिगात सोडलीत तर मरतात किंवा पळतात. वर जुनं गोणपाट, दिवसाआड पाणी. साधारण तीन महिन्यांत पात्यांच्या शिरा तेवढ्या उरतात आणि बाकीचा चहाच्या चोथ्यासारखा दाणेदार माल होतो. मुंग्यांसाठी भोवती पाण्याचा चर ठेवा. कोंबड्या लांब ठेवा, एका दुपारीत सगळी गांडुळं फस्त करतात.

सोडणांचा उपयोग वेगळा. दोन ओळींच्या मध्ये हातभर खोल चर मारायचा, सोडणं पोटाकडची बाजू वर करून तीन-चार थरांत लावायची, प्रत्येक थरावर माती. ती वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतात आणि त्यांच्यातला पालाश सावकाश सुटतो. पाच-सहा वर्षं टिकतात. एवढं एकच काम असं आहे जिथे मी खणायला सांगते, आणि तेही मसाला लावण्याआधी. नंतर नाही.

कुंपणाला गिरिपुष्प लावा. आमच्याकडे त्याला उंदीरमारीही म्हणतात. जूनमध्ये कमरेएवढ्या छाटा रोवल्या की जगतात, आणि एकदा रुजलं की वर्षातून दोन-तीनदा पाला काढता येतो. त्याच्या पानांत नत्र भरपूर असतं आणि तो आठ-पंधरा दिवसांत मऊ होऊन मातीला लागतो. आगरात शेणखत कमी असेल तेव्हा मला याच झाडाने तारलंय.

शेणखत कुजलंय का, आणि त्यात काय आहे

एकदा मी ‘दोन वर्षं कुजलेलं’ म्हणून ट्रॉलीभर खत विकत घेतलं. वरचा थर काळाभोर, सुंदर. आत फावडं घातलं तर वीतभर खाली अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या, सी अक्षरासारख्या वळलेल्या. गेंड्या भुंग्याच्या. मला तेव्हा ओळखता आल्या नाहीत. पुढच्या वर्षी लहान माडांच्या नव्या झावळ्या पंख्यासारख्या कातरलेल्या उघडल्या, आणि दोन रोपांचा कोंभच गेला.

हलवल्याशिवाय पडून राहिलेला शेणाचा खड्डा म्हणजे या भुंग्याचं बाळंतघर. माडाच्या बागेत खत करताना हे विसरता येत नाही. खड्डा दर महिन्याला उलथा. अळ्या वेचा, कोंबड्यांना घाला. मेटारायझियम नावाची बुरशी मिळते, ती खड्ड्यात मिसळली की अळ्यांना लागते आणि त्या हिरव्या पडून मरतात. विकतचं खत आणलंत तर ट्रॉली रिकामी करण्याआधी चार ठिकाणी फावडं घालून बघा.

कुजल्याची पारख हाताने होते. मूठभर खत दाबा: गोळा व्हावा, पण बोटांमधून पाणी गळू नये. वास पहिल्या पावसाच्या मातीचा यावा. शेणाचा किंवा डोळ्यांत झोंबणारा वास आला तर ते कच्चं आहे. अजून शंका असेल तर ओलसर खत पिशवीत बांधून दोन दिवस ठेवा आणि तोंड उघडून वास घ्या. किंवा एका करवंटीत खत भरून त्यात दहा चवळ्या पेरा. आठ-नऊ चांगल्या उगवल्या तर खत तयार. कच्चं खत मिरीच्या किंवा आल्याच्या मुळाशी गेलं की मुळं भाजतात, आणि भाजलेल्या मुळातून कुजव्या आत शिरतो.

कोंबडीखत तर फारच तेज. ते दोन-तीन महिने पातेऱ्यात मिसळून कुजवल्याशिवाय आगरात आणू नका.

मिरी, आलं आणि हळद यांच्यासाठी आम्ही खत ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीने भारून घेतो. चाळलेलं शेणखत ९० किलो, निंबोळी पेंड १० किलो, ट्रायकोडर्माची भुकटी एक ते दोन किलो. मांगराच्या (आगरातल्या खोपटाच्या) सावलीत ढीग करायचा, पाण्याचा हबका मारायचा, ओल्या गोणपाटाने झाकायचं. पाच दिवसांनी उलथायचं, पुन्हा झाकायचं. पंधराव्या दिवशी गोणपाट उचललं की ढिगावर हिरवट-पांढरी बुरशी धरलेली दिसते. नवीन माणूस ती बघून घाबरतो आणि खत फेकायला निघतो. फेकू नका, आपल्याला तीच हवी आहे. ही बुरशी जमिनीतल्या मर आणि गड्डा कुजवणाऱ्या बुरश्यांना वाढू देत नाही. यात राख किंवा चुना मिसळू नका. मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण बुंध्याशी ओतलं असेल तर मध्ये निदान पंधरा दिवस जाऊ द्या.

कोणाला किती

किलोच्या आकड्यांनी गड्याला काही कळत नाही, घमेल्याने कळतं. आमच्या घमेल्यात चाळलेलं ओलसर शेणखत साधारण दहा किलो बसतं. तुमचं घमेलं एकदा काट्यावर ठेवा आणि लक्षात ठेवा.

मिरीच्या मोठ्या वेलाला वर्षाला एक घमेलं शेणखत आणि एक किलो निंबोळी पेंड. पहिल्या वर्षी याचा तिसरा हिस्सा, दुसऱ्या वर्षी तीनातले दोन हिस्से, तिसऱ्यापासून पूर्ण. आणि हे दोन वेळा विभागून, निम्मं जूनच्या सुरुवातीला, निम्मं ऑगस्टअखेर-सप्टेंबरात.

जायफळाला पहिल्या वर्षी एक घमेलं. मग दरवर्षी थोडं वाढवत मोठ्या झाडाला पाच घमेली, म्हणजे ५० किलोपर्यंत जायचं. जायफळ सावकाश वाढतं, म्हणून लोक त्याला विसरतात. पण ते धरायला लागलं की वर्षभर काही ना काही पोसत असतं, आणि पालाशाची त्याला मोठी भूक. जायफळाच्या घेराखाली मी दरवर्षी चुलीची राख देते, किलोभर, शेणखतानंतर महिन्याने.

दालचिनीला लहानपणी पाच किलो, पुढे २० किलोपर्यंत. तिची आपण फांदी कापतो, साल काढतो, पानंही विकतो. म्हणजे झाडातलं बरंच काही आगराबाहेर जातं. साल सोललेल्या काठ्या मात्र तिथेच तुकडे करून झाडाखाली पसरा. सरपणाला सोन्यासारख्या असतात हे खरं, तरी निम्म्या तरी परत द्या.

हळद आणि आलं हे खादाड गडी. आठ-नऊ महिन्यांत सगळं आटोपायचं असतं. गुंठ्याला २५० ते ४०० किलो कुजलेलं खत, गादीवाफा करतानाच वरच्या चार बोटं मातीत मिसळून. शिवाय गुंठ्याला २० किलो निंबोळी पेंड. पेंडीने सूत्रकृमी आणि गड्डा कुजही आवरते. लागणीनंतर लगेच हिरव्या पाल्याचा थर, चौरस मीटरला दीड किलोच्या आसपास. पुन्हा दीड महिन्याने त्याच्या निम्मा, पुन्हा तीन महिन्यांनी निम्मा. गिरिपुष्प, ऐन-किंजळाचे टहाळे, काहीही चालतं. दुसऱ्या-तिसऱ्या थराच्या वेळी तण काढून गड्ड्यांना मातीची हलकी भर द्यायची, आणि पाला त्यानंतर पसरायचा, आधी नाही.

लवंगेबद्दल मी लिहीत नाही. आमच्या पुळणीत ती टिकली नाही, आणि जे स्वतः केलेलं नाही त्याचा सल्ला द्यायला माझं मन होत नाही.

हात कसा चालवायचा

जायफळाचं एक झाड घेऊन सांगते. एखाद्या सकाळी त्याच्या खालचा पातेरा हाताने बाजूला करा. खालचा थर ओला, काळपट, पानं जाळीदार झालेली. त्या कुजक्या पानांतूनच दोऱ्यासारखी पांढरट-तांबूस मुळं वर आलेली दिसतील, मातीच्याही वर. काही तर पानांना चिकटून त्यांच्यासकट उचलली जातात. इथे फावडं चालवणं म्हणजे काय, ते मग कोणी सांगावं लागत नाही.

म्हणून कुदळ-टिकाव मांगरातच ठेवा. पंजाने, नाहीतर सरळ हाताने, कोरडा पातेरा बाहेर ओढा, काळा थर जागच्या जागी राहू द्या. बुंध्यापासून वीत-दोन वीत जागा मोकळी सोडा. मोठ्या झाडाला ती हातभर. तिथून फांद्यांच्या घेरापर्यंत खत पातळ पसरा, बोटभर जाडीपेक्षा जास्त नको. मग ओढलेला पातेरा परत त्याच्यावर. शेवटी पाणी. उघडं पडलेलं खत दोन दिवसांच्या उन्हात वाळून खडखडीत होतं आणि त्यातला नत्र उडून जातो. झाकलेलं खत गांडुळं स्वतःच खाली नेतात.

बुंध्याला खत लागू देऊ नका. मिरीच्या बुंध्याशी ढीग लावून ठेवला की पावसात तिथे पाणी धरतं आणि वेल जमिनीला टेकतो तिथेच कुजतो. जायफळाच्या कलमाचा सांधा खताखाली गाडला गेला तर तिथली साल सडते.

उतारावर आगर असेल तर खत झाडाच्या वरच्या अंगाला जास्त, खालच्या अंगाला कमी. पाऊस बाकीचं काम करतो. पुळणीच्या जमिनीत एकदम भरपूर घालून उपयोग नाही, ती धरून ठेवत नाही. तेवढंच खत चार वेळा थोडं थोडं द्या आणि पातेऱ्याचा थर दुप्पट ठेवा.

वेळ

हळद-आल्याची लागण अक्षय्य तृतीयेपासून मेअखेरपर्यंत, पाणी असेल तर. बाकीच्यांचा पहिला हप्ता मृगाचा पाऊस लागून जमीन ओली झाली की. आधी घाई करू नका. पहिल्या धो-धो सरीत खत वाहून शेजाऱ्याच्या पाटात जाताना मी बघितलंय.

जुलैत हातात खत घ्यायचंच नाही. जुलै चर मोकळे ठेवण्याचा महिना. मिरीभोवती पाणी चोवीस तास उभं राहिलं तर ट्रायकोडर्माही काही करू शकत नाही. माडाच्या आळ्यात मात्र जूनमध्येच शंभर ग्रॅम चवळी पेरून ठेवा. ऑगस्टअखेर ती फुलावर आली की उपटून तिथेच पसरायची, माडाला फुकटचा नत्र.

दुसरा हप्ता गौरी-गणपती आटोपले की. तेव्हा पाऊस ओसरलेला असतो, जमीन ओली असते, मुळं जोरात. दोन हप्त्यांतला एकच जमणार असेल तर मी हा ठेवीन. ऑक्टोबरच्या उन्हाआधी पातेऱ्याचा थर पुन्हा चांगला हातभर करा, कारण पुढचे आठ महिने ओल त्यानेच टिकायची.

पातळ खतांबद्दल थोडं

जीवामृत सगळे करतात: २०० लिटर पाणी, १० किलो ताजं शेण, पाच-दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून दिवसातून दोनदा ढवळायचं, दोन-तीन दिवसांनी वापरायचं. मीही हिवाळा-उन्हाळ्यात महिन्यातून एकदा पाटाच्या पाण्याबरोबर सोडते. पण दोनशे लिटरात दहा किलोच शेण आहे, हे विसरू नका. त्याने मातीतले जीव जागे होतात. त्यांना खायला पातेरा आणि शेणखत जमिनीवर नसेल तर ते जागे होऊन काय करणार? नुसत्या जीवामृतावर चाललेली जायफळं मी तिसऱ्या-चौथ्या वर्षी पिवळी पडलेली पाहिली आहेत. गोबरगॅसची मळी मिळत असेल तर ती केव्हाही सरस. पाचपट पाण्यात कालवून आळ्याच्या कडेने द्या.

पान काय सांगतं

खालची जुनी पानं सगळीच्या सगळी फिकी पिवळी झाली तर नत्र कमी. जुन्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी, मध्य हिरवा, तर पालाश. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तेही जुन्या पानांवर, तर मॅग्नेशियम, आणि मग साध्या चुन्याऐवजी डोलोमाइट, म्हणजे मॅग्नेशियम असलेला चुना द्या. मात्र खत ओतण्याआधी बोटाने माती उकरून बघा. पाणी साचून मुळं गुदमरली तरी पानं पिवळीच होतात, आणि तेव्हा खत घालणं म्हणजे आजाऱ्याला जबरदस्तीने जेवण भरवणं.

‘सेंद्रिय’ म्हणून माल विकायचा असेल तर दाखला लागतो. बहुवर्षायू झाडांना बदलाचा काळ तीन वर्षांचा. पाच शेतकऱ्यांनी गट केला तर पीजीएस पद्धतीने, म्हणजे गटातल्या शेतकऱ्यांनीच एकमेकांची शेतं तपासून, कमी खर्चात होतं. पहिल्या दिवसापासून एका वहीत तारीख, खत, घमेली आणि खत आणलं कुठून हे लिहीत जा. गोणीवर ‘ऑरगॅनिक’ छापलेलं आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नका, आत काय आहे ते विचारा आणि पावती जपा.

दहा माडांचा हिशोब

पाच-पाचच्या दोन ओळी, एकूण दहा माड. साधारण साडेपाच गुंठे जमीन. मध्ये चार चौकोन पडतात, म्हणजे चार जायफळं. दोन माडांच्या मधल्या जागा तेरा, तिथे दालचिनी. दहाही माडांवर मिरी. बाजूला गुंठाभर हळद.

पहिल्या वर्षी शेणखत किंवा गांडूळखत लागेल ते असं: माडांना ५०० किलो, जायफळांना ४०, दालचिनीला ६५, मिरीला ३५, हळदीला ३०० धरा. सगळं मिळून ९४० किलो, सुमारे ९४ घमेली. शिवाय हळदीची आणि मिरीची मिळून वीस-पंचवीस किलो निंबोळी पेंड. एक गाय असेल आणि दहा माडांच्या १२० झावळ्या कुजवल्यात, तर यातलं बरंचसं घरात निघतं.

नाहीच निघालं आणि निम्मंच खत हातात असेल, तर हळद निम्म्या गुंठ्यावर आणा आणि तिला पूर्ण द्या. अर्धपोटी हळद फक्त पानं देते. माडांना निम्मं द्या आणि आळ्यात चवळी पेरा. मिरीचं ३५ किलो अजिबात तोडू नका. जायफळ आणि दालचिनीला या वर्षी अर्धंच घातलंत तरी चालेल, पण पातेरा दुप्पट द्या. शेजारच्या कलमांच्या बागेत तो पोत्यांनी पडलेला असतो, मागितला तर कोणी नाही म्हणत नाही. फेब्रुवारीत गोळा करायला लागा, वणव्याच्या आधी.